दुकानामागची शाळा



निवडणूक आली की आपल्या गावातली पार वाकलेली म्हातारीसुद्धा नातवाचा हात धरून मतदानाला जाते. तिला वाचता येते की नाही, हे तिला कोणी विचारत नाही. पूर्वी चिन्हावर शिक्का मारत, आता यंत्राचे बटण दाबतात. चित्र ओळखता आले की काम झाले. आपली राज्यघटना १९५० साली अमलात आली, आणि तिने प्रत्येक सज्ञान माणसाला मत दिले. १९५१ च्या शिरगणतीत साक्षर माणसे निघाली शंभरात जेमतेम अठरा. तरीही घटनाकारांनी मतासाठी शिक्षणाची अट घातली नाही. हा हक्क आपल्या इतका अंगवळणी पडला आहे, की त्याचे मोल सहसा ध्यानात येत नाही.

म्हणून आज मी आपल्याला अशा एका मुलखाची हकिकत सांगणार आहे, की जिथे मत देण्याआधी माणसाला वाचनाची परीक्षा द्यावी लागे, आणि विशिष्ट रंगाची माणसे त्या परीक्षेत नापास व्हावीत अशी तजवीज परीक्षा घेणाऱ्यांनीच करून ठेवली होती. ती परीक्षा पास व्हायला लोकांनी एक शाळा काढली. ती भरे एका किराणा दुकानाच्या मागच्या खोलीत. तिथली पहिली शिक्षिका केशभूषेचा धंदा करणारी एक बाई होती. अमेरिकेतल्या काळ्या लोकांनी समान हक्कांसाठी जो लढा दिला, त्यातले मोर्चे आणि सत्याग्रह आपण ऐकलेले असतात. या शाळेविषयी मात्र फारसे कोणी बोलत नाही.

आधी त्या मुलखाची थोडी ओळख करून घेऊ. अमेरिकेच्या आग्नेय किनाऱ्यावर दक्षिण कॅरोलायना नावाचे राज्य आहे. चार्ल्सटन हे तिथले जुने बंदर. या बंदराच्या आसपास खाड्यांनी आणि दलदलीने वेढलेली पुष्कळ बेटे आहेत. त्यांपैकी एक जॉन्स बेट. गोऱ्या मळेवाल्यांनी या भागात भात, नीळ आणि पुढे लांब धाग्याचा कापूस पिकवला. पण चिखलात राबले ते पश्चिम आफ्रिकेतून पकडून आणलेले गुलाम. बेटांवर राहिल्यामुळे त्यांची बोली, गाणी, चालीरीती पुष्कळशा टिकल्या. त्यांच्या बोलीला 'गला' म्हणतात.

१७३९ साली याच भागात स्टोनो नदीच्या काठी गुलामांनी उठाव केला. तो मोडून काढला गेला, आणि लगेच १७४० साली कायदा झाला. त्या कायद्याने गुलामाला लिहायला शिकवणे हा गुन्हा ठरला. शिकवणाऱ्याला शंभर पौंड दंड! अक्षर ओळखणारा माणूस चिठ्ठी लिहील, चिठ्ठीवरून निरोप जाईल, निरोपावरून माणसे एकत्र येतील, ही धास्ती त्या कायद्यामागे होती. पुढे १८६५ साली यादवी युद्ध संपले, गुलामगिरी गेली. १८७० साली अमेरिकेच्या घटनेत दुरुस्ती होऊन वंश वा वर्ण पाहून मत नाकारता येणार नाही, असे ठरले. दक्षिण कॅरोलायनाच्या विधिमंडळात काळे प्रतिनिधी मोठ्या संख्येने बसू लागले.

जुन्या मळेवाल्यांना हे कसे रुचावे? तीस वर्षांत वारे फिरले. १८९५ साली त्या राज्याने आपली नवी घटना केली आणि मतदारासाठी अट घातली. एकतर त्याच्या नावावर तीनशे डॉलरची करपात्र मालमत्ता हवी, नाहीतर घटनेतले कलम वाचून-लिहून दाखवता आले पाहिजे. कलम कोणते द्यायचे, आणि वाचले ते बरोबर की चूक, हे ठरवणार नोंदणी-अधिकारी. आणि अधिकारी गोरा. काळा किंवा गोरा हा शब्द त्या अटीत कुठे नव्हता. कागद अगदी स्वच्छ!

आता या दोन सालांचा मेळ घालून पाहा. १७४० साली सांगितले, तुम्हाला लिहायला शिकवणे हा गुन्हा आहे. १८९५ साली सांगितले, तुम्हाला लिहिता येत नाही, म्हणून तुम्हाला मत नाही. आधी विहिरीवर येऊ द्यायचे नाही, आणि मग अंग मळके आहे म्हणून देवळातून हाकलायचे! ही रीत आपल्यालाही काही अनोळखी नाही.

या अटीखेरीज आणखी एक कुंपण होते. तिथल्या सत्ताधारी पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत फक्त गोऱ्यांनाच मत देता येई. १९४७ साली न्यायमूर्ती वेअरिंग यांनी ती पद्धत बेकायदा ठरवली. मग उरले ते वाचनाच्या परीक्षेचेच कुंपण.

जॉन्स बेटावर ईसॉ जेन्किन्स नावाचे गृहस्थ राहत. जन्म १९१०. चौथीच्या सुमाराला शाळा सुटली. शेती केली, ट्रक घेतला, चार्ल्सटनच्या बाजारात भाजीपाला नेऊ लागले. तिथले काही व्यापारी ग्रीक होते, तर व्यवहारापुरती ग्रीक भाषासुद्धा शिकून घेतली. पुढे त्यांनी बस घेतली आणि बेटावरच्या कामगारांना व शाळेच्या मुलांना शहरात ने-आण करू लागले. बेटावर काळ्या मुलांसाठी पुढच्या शिक्षणाची सोय नव्हती, म्हणून ही धडपड.

एके दिवशी बसमधली एक बाई त्यांना म्हणाली, "मला मतदार व्हायचंय, पण मला फारसं वाचता येत नाही. तुम्ही शिकवाल का?" जेन्किन्सनी घटनेतली कलमे टंकलिखित करून उतारूंना वाटली. बस चालता चालता आणि कामाची वेळ होईपर्यंत थांबली असता वाचन सुरू झाले. त्या बाईने कलम तोंडपाठ केले आणि ती मतदार झाली. पण पाठांतर म्हणजे वाचणे नव्हे, हे तिलाही ठाऊक होते आणि जेन्किन्सनाही. तिला खरोखर वाचायला शिकायचे होते. चालत्या बसमध्ये ते कुठवर जमणार?

आता दुसरी व्यक्ती. सेप्टिमा पॉइन्सेट क्लार्क. जन्म १८९८, चार्ल्सटनचा. वडील जन्माने गुलाम, आई लोकांचे कपडे धुई. १९१६ साली अठराव्या वर्षी त्या जॉन्स बेटावर शिक्षिका म्हणून गेल्या. काळ्यांच्या त्या शाळेत १३२ मुले आणि शिकवणाऱ्या दोघीजणी. समोरच गोऱ्यांची शाळा होती. तिथे मुले तीन. सेप्टिमाबाई शिकवून वर मुख्याध्यापकपणही सांभाळत, त्यांना पगार पस्तीस डॉलर; सहकारी शिक्षिकेला पंचवीस. समोर तीन मुलांना शिकवणाऱ्याला त्याच मुदतीचे पंच्याऐंशी! दिवसा मुले आणि रात्री त्यांचे आईबाप, असे दुहेरी शिकवणे सेप्टिमाबाईंनी तेव्हापासूनच सुरू केले.

काळ्या शिक्षकांना गोऱ्यांइतका पगार मिळावा म्हणून झालेल्या खटल्याच्या कामातही त्या होत्या, आणि १९४५ साली तो हक्क कोर्टातून मिळाला. १९५६ साली मात्र त्या राज्याने कायदा केला, की काळ्या लोकांच्या हक्कांसाठी झगडणाऱ्या राष्ट्रीय संघटनेचा सभासद असलेल्याला सरकारी नोकरीत राहता येणार नाही. अनेकांनी सभासदत्व लपवले. सेप्टिमाबाईंनी लपवले नाही. चाळीस वर्षांची नोकरी गेली, पेन्शनही गेले. वय अठ्ठावन्न.

ही दोन माणसे आणि त्यांची शाळा यांना जोडणारा दुवा होता टेनेसी राज्यातल्या डोंगरात. माइल्स हॉर्टन नावाच्या गोऱ्या तरुणाने १९३२ साली तिथे 'हायलँडर लोकशाळा' काढली होती. डेन्मार्कमधील शेतकऱ्यांच्या लोकशाळा त्याने तिथे जाऊन पाहिल्या होत्या. हायलँडरमध्ये परीक्षा नसत, पदव्या नसत. माणसांनी एकत्र राहायचे, आपापल्या गावची अडचण मांडायची आणि तोड काढायची. त्या काळी दक्षिणेत काळे-गोरे एका पंक्तीला बसत नसत. इथे एका टेबलाशी जेवत. १९५५ च्या उन्हाळ्यात रोझा पार्क्स याच शाळेत सेप्टिमाबाईंच्या वर्गाला येऊन गेल्या. त्याच वर्षाच्या डिसेंबरात मॉन्टगमेरी शहरात बसमधली आपली जागा सोडायला त्यांनी नकार दिला, आणि तिथला प्रसिद्ध बस-बहिष्कार उभा राहिला.

१९५४ साली सेप्टिमाबाईंनी जेन्किन्सना हायलँडरला नेले. शिबिराचा विषय होता संयुक्त राष्ट्रसंघ. जगाच्या प्रश्नांवर चर्चा चालू होती. जेन्किन्सनी मांडले ते आपल्या बेटाचे: आमच्या मोठ्या माणसांना वाचायला शिकवणारी शाळा पाहिजे. हॉर्टनने ऐकून घेतले.

शाळेला जागा कोण देणार? देणाऱ्यावर गोऱ्यांची खप्पामर्जी व्हायची. तेव्हा जेन्किन्स आणि त्यांच्या मंडळींनी १९४८ पासून चालवलेल्या 'प्रोग्रेसिव्ह क्लब'ने एक जुनी, बंद पडलेली शाळेची इमारत विकत घ्यायचे ठरवले. हायलँडरने दीड हजार डॉलर बिनव्याजी दिले. पुढच्या भागात सभासदांचे सहकारी किराणा दुकान, मागे शाळेच्या खोल्या. रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसे ते नुसते दुकान. दुकानाच्या मिळकतीतून कर्जही फिटले.

मग शिक्षक कोण? इथे या मंडळींनी जो विचार केला, तो आपण शिक्षकांनी नीट ऐकण्यासारखा आहे. त्यांनी ठरवले की प्रशिक्षित शिक्षक नको! एक तर सरकारी शाळेतल्या शिक्षकाला नोकरी जाण्याची भीती. दुसरे म्हणजे, शिकलेल्या मास्तराला चुका दाखवायची सवय; साठ वर्षांच्या माणसाला तो पोरासारखा वागवील, आणि तो माणूस दुसऱ्या दिवशी येणार नाही. आम्हा मास्तर मंडळींना हे बोचेल, पण खोटे म्हणता येणार नाही.

त्यांनी निवडले बर्नीस रॉबिन्सन यांना. नात्याने सेप्टिमाबाईंच्या कुटुंबातल्या. चार्ल्सटनमध्ये बायकांची केशभूषा आणि शिवणकाम करून पोट भरत. गिऱ्हाइके सगळी काळीच, त्यामुळे कोणी गोरा मालक त्यांना नोकरीवरून काढू शकत नव्हता. "मी कधी शिकवलेलं नाही," असे त्या परोपरीने सांगत होत्या. पण लोकांशी बोलायची आणि त्यांचे ऐकून घ्यायची हातोटी त्यांच्याजवळ होती.

७ जानेवारी १९५७ रोजी पहिला वर्ग भरला. शेतीची कामे थंड असतात ते दिवस. तीन पुरुष आणि अकरा बायका. आठवड्यातून दोन रात्री. बर्नीसबाईंनी मुलांची प्राथमिक पुस्तके बरोबर आणली होती. पण ही पुस्तके या माणसांसाठी नव्हेत, हे त्यांच्या लगेच लक्षात आले. त्यांनी ती बाजूला ठेवली आणि सरळ सांगितले, की मी काही शिक्षिका नाही, आपण मिळूनच शिकू. मग विचारले, तुम्हाला काय शिकायचे आहे?

उत्तरे साधी होती. मला माझे नाव लिहायचे आहे. मुलगा दूरगावी आहे, त्याचे पत्र मला स्वतः वाचायचे आहे. मला मनीऑर्डरचा फॉर्म भरायचा आहे. टपालाने वस्तू मागवायच्या आहेत. आणि अर्थात, घटनेचे कलम वाचायचे आहे. हाच अभ्यासक्रम झाला! भिंतीवर मात्र बर्नीसबाईंनी संयुक्त राष्ट्रसंघाचा मानवी हक्कांचा जाहीरनामा लावला. वर्ग संपेपर्यंत हा आपल्याला वाचता आला पाहिजे, हे ध्येय.

नाव शिकवायची रीत अशी: पुठ्ठ्यावर ते मोठ्या अक्षरांत लिहायचे आणि विद्यार्थ्याने त्यावरून पुन्हापुन्हा हात फिरवायचा. आपल्याकडे धुळपाटीवर गिरवत, तसेच. नांगराच्या मुठीची सवय झालेले हात. पेन्सिल अशी आवळून धरत की मोडायची. शिकवणाऱ्यांनी कधी कुरकुर केली नाही; मोडली की दुसरी द्यायची. फळा नसला तर धोब्याकडच्या कागदी पिशव्या भिंतीवर चिकटवून त्यांवर लिहायचे. वर्गात पासष्ट वर्षांची एक बाई होती. एके रात्री फळ्यावरच्या नावांत तिला आपले नाव ओळखू आले. ती उठली, बर्नीसबाईंच्या हातातली छडी घेतली आणि फळ्यावर टेकवून म्हणाली, हे माझे नाव! त्या क्षणी आपल्या अंगावर काटा उभा राहिला, असे बर्नीसबाई पुढे सांगत.

त्या पहिल्या तुकडीतली बहुतेक माणसे पुढे मतदार झाली. शेजारच्या वाडमलॉ आणि एडिस्टो बेटांवरून बोलावणी आली. तिथेही वर्ग निघाले.

हे गोऱ्या सत्तेच्या डोळ्यांवर आल्याशिवाय कसे राहील? १९५९ च्या जुलैत पोलिसांनी हायलँडरवर धाड घातली. दारू बाळगल्याचा आरोप ठेवून सेप्टिमाबाईंना पकडले. आणि सेप्टिमाबाई तर दारूला शिवतही नसत! आरोप टिकला नाही. पण १९६१ साली टेनेसी राज्याने हायलँडरची सनद रद्द केली आणि जागा जप्त केली. हॉर्टन दुसरीकडे गेले, नव्या नावाने शाळा पुन्हा काढली. नागरिकत्वाच्या वर्गांचे काम मात्र डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या दक्षिणी ख्रिस्ती नेतृत्व परिषदेने हाती घेतले. जॉर्जिया राज्यात डॉर्चेस्टर येथे केंद्र निघाले. सेप्टिमाबाई, डॉरथी कॉटन आणि अँड्रू यंग हे तिघे तिथले चालक.

दक्षिणेतल्या खेड्याखेड्यांतून तिथे माणसे येत. पाच दिवस राहून शिकत आणि परत गेल्यावर आपापल्या गावी वर्ग चालवीत. निवडताना पदवी पाहत नसत. मोठ्याने वाचता यावे, फळ्यावर लिहिता यावे आणि गावात शब्दाला मान असावा, एवढेच पाहत. कोणी वाटेकरी शेतकरी, कोणी मोलकरीण, कोणी न्हावी. वर्ग भरायचे स्वयंपाकघरात, चर्चमध्ये, झाडाखाली.

यात धोका केवढा होता, याचे एक उदाहरण देतो. मिसिसिपी राज्यात फॅनी लू हेमर नावाच्या बाई होत्या. वीस भावंडांत धाकट्या, मळ्यावर कापूस वेचणाऱ्या. काळ्या माणसाला मत असते, हे त्यांना १९६२ साली, चव्वेचाळिसाव्या वर्षी कळले! नाव नोंदवायला गेल्या, तर मळेवाल्याने त्याच दिवशी घराबाहेर काढले. १९६३ च्या जूनमध्ये चार्ल्सटनला नागरिकत्व-वर्गाच्या शिक्षिकेचे शिक्षण घेऊन त्या परत येत होत्या. वाटेत विनोना गावी पोलिसांनी त्यांना व सोबत्यांना पकडले आणि तुरुंगात अमानुष मारले. त्या मारापायी जन्माचे दुखणे लागले. पुढच्याच वर्षी राष्ट्रीय पक्षाच्या अधिवेशनात उभे राहून त्यांनी ही हकिकत साऱ्या देशाला ऐकवली.

अखेर ६ ऑगस्ट १९६५ रोजी मतदान हक्क कायद्यावर सही झाली आणि दक्षिणेतल्या या परीक्षा थांबल्या. १९५७ ते १९७० या काळात नागरिकत्वाच्या सुमारे नऊशे शाळा चालल्या, असा हिशेब सांगतात. कायदा वॉशिंग्टनमध्ये झाला खरा; पण तो होण्याआधीच खेड्यांतून मत मागणारी आणि त्यासाठी मार खाणारी माणसे उभी राहिली होती. ती या वर्गांनी घडवली होती.

जॉन्स बेटावर शाळा ही एकटी शाळा नव्हती. दुकान सहकारी होते. १९६६ साली जेन्किन्स आणि मंडळींनी पतपेढी काढली, कारण बँका काळ्या शेतकऱ्याला सहजासहजी कर्ज देत नसत. आपल्या गाडीच्या मागच्या बाजूवर जेन्किन्सनी अक्षरे रंगवली होती: प्रेम म्हणजे प्रगती, द्वेष महाग पडतो. तो पत्रा वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय संग्रहालयाने जतन केला आहे. जेन्किन्स १९७२ साली वारले. सेप्टिमाबाईंचे पेन्शन देण्याचे राज्याने कबूल केले ते १९७६ साली, वीस वर्षांनी. ज्या शहराने त्यांना नोकरीवरून काढले, तिथल्या शिक्षण-मंडळावर त्या निवडून आल्या. १९८७ साली त्या गेल्या. चळवळीतल्या मोठ्या पुढाऱ्यांच्या बैठकीत बायकांच्या बोलण्याला किंमत नसे, हेही त्यांनी स्पष्ट सांगून ठेवले आहे.

हा हक्क एकदा मिळाला म्हणजे कायमचा मिळाला, असेही नाही. १९६५ च्या कायद्यात एक बंधन होते: भेदभावाचा इतिहास असलेल्या राज्यांनी मतदानाचे नियम बदलण्यापूर्वी केंद्राची संमती घ्यायची. कोणत्या राज्यांना ते लागू व्हावे हे ठरवणारे कलमच २०१३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने रद्द केले, आणि ते बंधन निष्प्रभ झाले.

आपला आणि या लढ्याचा संबंध आजचा नाही. महात्मा फुल्यांनी १९७३ च्या बरोबर शंभर वर्षे आधी, म्हणजे १८७३ साली, 'गुलामगिरी' हे पुस्तक लिहिले आणि ते अमेरिकेत गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या सज्जनांना अर्पण केले. त्याही आधी, १८५५ साली, जोतीराव आणि सावित्रीबाई यांनी कष्टकऱ्यांसाठी पुण्यात रात्रशाळा काढली होती. डॉ. आंबेडकरांनी १९४६ साली अमेरिकेतले काळ्यांचे विद्वान पुढारी डू बॉइस यांना पत्र लिहून, संयुक्त राष्ट्रसंघाकडे त्यांच्या लोकांनी केलेल्या अर्जाची प्रत मागितली होती. दूर समुद्रापलीकडची ती माणसे आपल्याच दुखण्याची आहेत, हे या दोघांनी ओळखले होते.

गुरुजनहो, प्रौढशिक्षणाचे वर्ग आपल्याकडेही पुष्कळ निघाले. काही चांगले चालले, काही रजिस्टरातच राहिले. जॉन्स बेटावरचा वर्ग चालला, कारण तिथे आधी विचारले गेले, तुम्हाला काय हवे आहे? अक्षर ही तिथे मनीऑर्डर होती, मुलाचे पत्र होते आणि मत होते. माणसाला त्याच्या गरजेतून अक्षर भेटले, की तो नांगराच्या हाताने पेन्सिल धरतो, दहादा मोडतो आणि अकराव्यांदा आपले नाव लिहितो. आपल्या गावात वस्तीच्या कडेला राहणारी, ऊसतोडीला जाणारी, कागदावर अंगठा उठवून देणारी माणसे अजून आहेत. त्यांच्या दाराशी जाऊन हा एक प्रश्न आपण विचारावा, आणि उत्तर नीट ऐकून घ्यावे, एवढे सुचवून मी आपली रजा घेतो.